हायवे आला, पाखाडी कुठे गेली?

मुंबई-गोवा महामार्गाच्या बातम्यांचे ऋतू ठरलेले आहेत. जुलैत दरडी, गणपतीच्या तोंडावर खड्डे आणि उरलेलं वर्षभर नव्या रस्त्यांच्या घोषणा: रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग, पत्रादेवीपर्यंतचा द्रुतगती मार्ग, नागपूरहून येणारा शक्तिपीठ. एक गोष्ट मात्र कधी छापून येत नाही. हायवेच्या कडेच्या वाडीत राहणारी माझी काकी पूर्वी चुलीवर भाताचं आधण ठेवून मळ्यात डोकावून यायची. आता मळ्यात जायचं तर रिक्षावाल्याला फोन करते. घर जागच्या जागी आहे, मळाही. मधली पायऱ्यांची वाट, आमची पाखाडी, तेवढी गेली.

कंत्राटदारानं बेफिकिरी केली, असं सगळे म्हणतात. तीही असतेच. पण काम चोख झालं असतं तरी काकीची वाट बहुधा गेलीच असती. का, ते समजायला आधी कोकणची ठेवण बघावी लागते.

कोकण आडवं, हायवे उभा

सह्याद्री आणि समुद्र यांच्यातली ही पट्टी साधारण ५० किलोमीटर रुंद. पाणी पूर्वेकडून निघतं आणि पश्चिमेला खाडीला मिळतं. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, गड; महाडहून कणकवलीपर्यंत आलात तर याच क्रमानं पूल लागतात. दोन नद्यांच्या मधला डोंगरही तसाच आडवा पसरलेला.

गावंही त्याच दिशेनं वसली. वर कातळाचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट पठार, तिथे गुरं आणि गवत. उतारावर घरं, आंब्या-काजूच्या बागा. खाली भाताचा मळा, आणि मळ्याच्या टोकाला व्हाळ, म्हणजे ओढा, नाहीतर खाडी. प्रत्येक घराला या तिन्ही ठिकाणी रोजचं काम. म्हणून वाटाही वरून खाली उतरणाऱ्या. मोठे मार्गसुद्धा याच दिशेचे होते: बंदरातून घाटाकडे. राजापूरचा माल अणुस्कुऱ्यानं वर चढायचा, चिपळूणचा कुंभार्लीनं, वेंगुर्ल्याचा आंबोलीकडून. उत्तर-दक्षिण जायचं तर लोक बोट धरायचे. समुद्र हाच कोकणचा उभा हायवे होता.

आता हायवे आणि रेल्वे दोन्ही उत्तर-दक्षिण. नारळाच्या झावळीची एका बाजूची पाती एकाच दिशेला असतात. कोयता त्या दिशेनं चालवला तर एखादंच पातं चिरतं, आडवा चालवला तर सगळी तुटतात. कोकणात मोठा रस्ता काढणं म्हणजे हा आडवा कोयता. एकेका गावात पाच-सहा वाटा एका फटक्यात दुभंगतात.

जुना हायवे दुपदरी होता तेव्हा हे जाणवत नसे. दोन गाड्यांच्या मधून पळत पार व्हायचं. जिवाला धोका होता, पण वाट होती. नवा चौपदरी रस्ता, त्याचा दुभाजक, गटारं आणि सर्व्हिस रोड धरून ४५ ते ६० मीटरची पट्टी घेतो, आणि बऱ्याच ठिकाणी भरावावरून नाहीतर खोल खणून जातो. पार व्हायला मग दोनच सोयी. एक मिडलकट, म्हणजे दुभाजकात ठेवलेली फट. दुसरी बॉक्सेल, म्हणजे रस्त्याखालून काढलेला चौकोनी बोगदा. गुरं मिडलकटमधून न्यायची नाहीत हे गुरांखेरीज सगळ्यांना कळतं.

हिशेब मांडून बघा. समजा मळा घरापासून २०० मीटरवर आहे आणि बॉक्सेल ९०० मीटरवर. तिथवर जायचं, पलीकडच्या बाजूनं तेवढंच मागे यायचं, वर जुने २०० मीटर. झाले दोन किलोमीटर. सकाळ-संध्याकाळ जाऊन-येऊन आठ. पूर्वी हेच काम ८०० मीटरांत व्हायचं. लावणीच्या दिवसांत चिखलाच्या पायांनी आठ किलोमीटर चालून बघा, म्हणजे रिक्षा का लागते ते कळेल.

रेल्वेला चढ का सोसत नाही?

पाखाडीची पायरी साधारण अर्धा फूट उंच, दीड फूट रुंद असते. म्हणजे तीन फूट पुढे गेलं की एक फूट वर. माणूस चढतो, शेळी चढते, डोक्यावर भारा घेतलेली बाईही चढते. रेल्वेचं चाक लोखंडी आणि रूळही लोखंडी, त्यामुळे पकड कमी. कोकण रेल्वे आखताना १५० मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ, हे प्रमाण धरलं होतं. तीस मीटर उंची गाठायला पाखाडीला शंभरएक मीटर पुरतात, तिथे रेल्वेला साडेचार किलोमीटर लागतात. वळणंही सव्वा किलोमीटर त्रिज्येची, म्हणजे जवळजवळ सरळच.

अशी सपाट, सरळ रेघ कोकणासारख्या मुलखात ओढायची, तर डोंगर आला की कापायचा किंवा पोखरायचा, दरी आली की भरायची नाहीतर पूल टाकायचा. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरांत ९० च्या वर बोगदे आहेत. करबुड्याचा एकटा साडेसहा किलोमीटर. रत्नागिरीजवळ पानवलचा पूल ६४ मीटर उंच. २६ जानेवारी १९९८ ला ही लाइन सलग सुरू झाली, तेव्हा जगभरच्या इंजिनीअरांनी तिची वाहवा केली, आणि ती रास्तच होती.

गंमत अशी की वाटांना सर्वांत कमी त्रास होतो तो बोगद्याचा आणि उंच पुलाचा, म्हणजे ज्या कामांना जास्त पैसा लागतो त्यांचाच. पानवलच्या पुलाखालची वाट आहे तशीच आहे. वाट तुटते ती कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापलेल्या जागी, आणि भरावावर. चौपदरी हायवेलाही हेच लागू. कशेडी घाटात सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा निघाला. त्याच्या डोक्यावर डोंगर शाबूत. बाकी ठिकाणी कटिंग.

पाखाडी म्हणजे नुसती पायवाट नव्हे

रत्नागिरीकडे दगडी पायऱ्यांच्या वाटेला पाखाडी म्हणतात, सिंधुदुर्गात दोन गडग्यांमधल्या बोळाला पाणंद. गडगा म्हणजे चुन्याशिवाय रचलेली दगडांची कुसाची भिंत. बाहेरच्या माणसाला यात फक्त चालायची जागा दिसते. प्रत्यक्षात ती एकाच वेळी चार-पाच कामं करत असते. दोन्हीकडच्या खातेदारांची हद्द तीच. गुरं भातात शिरू नयेत म्हणून कुंपणही तेच. शिमग्यात पालखी ठरलेल्या वाटेनंच जाते, मानाच्या घरांचा क्रम ठरलेला. तो क्रमही याच वाटेवर लिहिलेला असतो. आणि पावसाळ्यात ती चक्क ओढा होते.

हे शेवटचं काम सर्वांत मोठं, आणि रस्ता आखताना नेमकं तेच निसटतं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. सड्यावरून उतरणारं पाणी काही फक्त व्हाळातून जात नाही. ते वाटावाटांनी, थोडं थोडं वाटून खाली येतं.

घराच्या पागोळ्या आठवा. कौलांच्या सगळ्या लांबीवरून पाणी गळतं तेव्हा खाली जमिनीवर एक रेघ उमटते, एवढंच. तेच पाणी पन्हळ लावून एका कोपऱ्यात सोडलं की पहिल्या पावसातच तिथे खड्डा पडतो. भराव टाकलेला हायवे ही अशीच एक पन्हळ. आठ वाटांनी उतरणारं पाणी तो कडेच्या गटारात अडवतो आणि एका मोरीतून पलीकडे सोडतो. मोरीसमोरचा शेतकरी म्हणतो माझा बांध फुटला, भाताचे कुणगे लाल मातीनं भरले. बाकी सात वाटांखालचे म्हणतात आमच्या मळ्यात पाणीच येईना. दोघांचं खरं असतं. अधिकाऱ्याला मात्र एकाच गावातून दोन उलटसुलट अर्ज आलेले दिसतात, आणि तो दोन्ही बाजूला ठेवतो.

इतकी कामाची वाट, मग नकाशात का नाही?

आहे की. पण वेगळ्या नकाशात. रस्ता आखायची सुरुवात मोठ्या मुलखाच्या नकाशावरून होते. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. पाच फूट रुंदीची पाखाडी त्यात केसाहूनही बारीक. नदी दिसते, मोठा नाला दिसतो, म्हणून तिथे पूल आणि मोरी येते. पाणंद दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी काहीच येत नाही. तलाठ्याकडच्या गावनकाशात गाडीवाटा आणि पायवाटा तुटक रेघांनी काढलेल्या असतात. पण तो नकाशा आणि हायवेचा आराखडा एकमेकांवर ठेवून बघायला कुणीतरी बसावं लागतं.

शिवाय कोकणातल्या कितीतरी वाटा गावनकाशातही नाहीत. त्या कुणाच्या तरी सातबाऱ्यातून जातात आणि केवळ वहिवाटीवर चालतात. आजोबा जायचे, म्हणून आपण जातो. पूर्वजांना कागद लागला नाही, कारण वाट अडवणाऱ्याची गावात नाचक्की व्हायची. महामार्गाला कसली नाचक्की?

कापलेला डोंगर वर्षानुवर्षं का कोसळतो?

कोरड्या तांदळाची रास करा. एका ठरावीक उताराला ती थांबते, त्याहून उभी राहत नाही. मातीचंही तसंच. डोंगराचा उतार हजारो वर्षांच्या पावसानं ठरवलेला असतो. रस्त्यासाठी पायथा कापला की उतार एकदम उभा होतो, आणि डोंगर पुन्हा आपला उतार शोधू लागतो. दरड म्हणजे तोच शोध.

इथे गावातला कुणीही विचारेल, घराचे चिरे काढतात त्या चिरेखाणीची भिंत कशी मग सरळ उभी राहते? प्रश्न बरोबर आहे. चिरेखाण सड्यावर असते. तिची भिंत नुसत्या जांभ्या दगडाची, आणि डोक्यावर डोंगराचा भार नाही. उतारावर मात्र थर असतात: वर जांभा, त्याखाली चिकण, साबणासारखी माती, तळाला काळा कातळ. जांभा स्पंजासारखा भोकाभोकांचा, पाणी पिऊन आत सोडतो. ते पाणी चिकण मातीपाशी अडतं आणि थर निसरडा करतं. कटिंग याच थरातून गेलं असेल, तर वरचा जांभा अख्खाच्या अख्खा घसरतो. म्हणून दरड बहुतेक वेळा पहिल्या सरीला येत नाही. तीन-चार दिवस झड लागल्यावर येते, कधी पाऊस थांबल्यावरही.

रेल्वेनं याची फार मोठी किंमत मोजली. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ कटिंगमध्ये आलेल्या दरडीवर गाडी आदळून ५० हून जास्त माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला, तोही रुळावर आलेल्या धोंड्यामुळे. त्यानंतर कितीतरी कटिंगांचा उतार सपाट केला, जाळ्या ठोकल्या, पावसाळ्यात गस्त वाढवली. जोराच्या पावसात गाडी ताशी ४० किलोमीटरनं चालवतात. तरी जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीला बोगद्याच्या तोंडाशी माती आलीच, आणि गाड्या जवळजवळ दिवसभर अडकल्या. उतार सपाट करायचा म्हणजे वरची आणखी जमीन घ्यायची, आणखी एक बाग, आणखी एक वाट. हायवेवर हे परशुराम घाटात बघायला मिळतं. कटिंगच्या वर परशुराम, खाली पेढे, आणि दोन्ही गावांनी पावसाळाभर श्वास रोखून बसायचं.

विहिरींचंही याच्याशी नातं आहे. जांभ्याचा डोंगर म्हणजे पाण्यानं भरलेला माठ. तो हळूहळू पाझरतो म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये खालच्या विहिरीला पाणी असतं. माठाच्या कुशीत भोक पाडलं तर पाणी तिथूनच गळणार. ऑगस्टमध्ये कटिंगच्या भिंतीवरून पांढरे धबधबे पडतात, लोक गाडी थांबवून फोटो काढतात. ते खालच्या वाडीचं मार्चमधलं पाणी असतं.

“पैसे मिळाले ना?”

ज्यांची जमीन गेली त्यांना मिळाले. काहींना चांगलेही मिळाले. पण वाट ही कुणाची जमीन नसते, तिथे पेच पडतो.

राष्ट्रीय महामार्गाची जमीन १९५६ च्या कायद्यानं घेतात. गावात त्यातली दोन कलमं सगळ्यांना पाठ आहेत. थ्री-ए म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर करणं. ते प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत हरकत घ्यायची. थ्री-डी म्हणजे पक्की घोषणा. त्या क्षणी जमीन केंद्र सरकारची होते, तीही सगळ्या बोज्यांतून मोकळी. एका माणसाच्या जमिनीचे दोन तुकडे पडले, तर त्या नुकसानीचा विचार मोबदल्यात करायची तरतूद आहे. जमिनीवरचा वहिवाटीसारखा हक्क घेतला गेला, तर ज्यांच्या वापराला बाध आला त्यांनाही काही रक्कम द्यावी, असंही कायदा म्हणतो.

वाचायला ठीक. पण काकीची इंचभर जमीन हायवेत गेली नाही. तिचं घर वर, मळा खाली, मधली जागा दुसऱ्याची. तिची तिथून फक्त वाट होती. ती ना खातेदार, ना प्रकल्पग्रस्त. वाटेचा हक्क होता असं म्हणायचं तर कागद हवा, आणि तो नाही. आणि २१ दिवस? कोकणात एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं सहज असतात, त्यातली निम्मी मुंबईला. चाकरमान्याला नोटिशीची बातमी कळते ती गणपतीत.

रेल्वेचा कायदा या बाबतीत, निदान कागदावर, जास्त समंजस आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १६ सांगतं की शेजारच्या जमिनींच्या वापरात रेल्वेमुळे खंड पडला, तर लागतील तशा वाटा, पूल, मोऱ्या रेल्वेनं बांधून द्याव्यात, आणि पाणी पूर्वीसारखं मोकळं वाहील इतकी सोय करावी. पण तिथेच एक मेख आहे. वेगळी मुदत ठरलेली नसेल, तर लाइन सुरू झाल्यापासून दहा वर्षांनंतर अशी नवी कामं स्वतःच्या खर्चानं करायला रेल्वे बांधील नाही. कोकणात ती मुदत २००८ च्या आसपासच संपली. रूळ ओलांडून जावं, तर तो गुन्हा.

“मग काय, बोटीनंच जायचं?”

नाही. जुना हायवे माणसं खायचा. वळणावर समोरासमोर धडका ही रोजची गोष्ट होती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. अडलेल्या बाळंतिणीला रत्नागिरीला पोचवायचं असतं, आंब्याची पेटी वाशीला वेळेत जायची असते. रस्ता हवाच. उलट तक्रार ही आहे की २०११ च्या सुमारास सुरू झालेलं काम इतकी वर्षं रेंगाळलं, आणि अर्धवट रस्त्यानं दोन्हीकडचा त्रास दिला.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: पाखाडीनं आता जातं कोण? प्रत्येक घरात दुचाकी आहे, मळे निम्मे ओसाड पडलेत. हे खरं आहे, मी नाकारणार नाही. पण मळा ओसाड पडला म्हणून वाट गेली, की वाट गेली म्हणून मळा ओसाड पडला, हे दर वेळी सांगता येतंच असं नाही. आमच्याकडे तीन कुणगे वाट गेल्याच्या दुसऱ्या वर्षी पडीक राहिले. आणि माणूस चालायचा थांबला तरी पाणी थांबत नाही. त्याच्याकडे दुचाकी नाही.

पुढचा रस्ता यायच्या आधी

सागरी महामार्ग आणि द्रुतगती मार्ग ज्यांच्या गावातून जायचे आहेत, त्यांनी एकच काम आधी करावं: वाटा कागदावर आणाव्यात. मे २०२५ मध्ये महसूल विभागानं शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यायचं धोरण आणलं. रुंदी तीन ते चार मीटर धरली आहे, म्हणजे डोळ्यांसमोर देशावरचा ट्रॅक्टर असणार. पायऱ्यांच्या पाखाडीला हे माप बसत नाही. तरी नोंद होणं महत्त्वाचं. कुणी वाट अडवली असेल तर तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते, आणि बांधावरून वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. हे सगळं थ्री-डीच्या आधी उपयोगाचं. नंतर ज्याच्याविरुद्ध दाद मागायची तोच मालक बदललेला असतो.

संयुक्त मोजणीला माणसं येतात तेव्हा आपण आपल्या बागेतली कलमी झाडं मोजून घेतो, ते करायलाच हवं. त्याच दिवशी त्यांना पाणंदीच्या तोंडाशी उभं करून सांगावं की इथून जुलैत गुडघाभर पाणी जातं. जमलं तर जुलैतला मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवावा. मोरीची जागा कागदावर असेपर्यंत हलवता येते. काँक्रीट पडल्यावर हलत नाही.

आणि जुना हायवे?

वळणं काढून रस्ता सरळ केला की जुन्या हायवेचे तुकडे बाजूला पडतात. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला असा एक अर्धगोल राहिलाय. दोन वडाची झाडं, एक बंद पडलेली चहाची टपरी, एक मैलाचा दगड. त्याचे खड्डे कुणी भरायचे यावर दोन कार्यालयांची पत्रापत्री चालू आहे. मे महिन्यात त्या डांबरावर बायका अमसुलं वाळत घालतात, कारण दिवसभर कडक ऊन लागतं आणि एकही गाडी येत नाही. काकीही घालते. तिथवर जायची पाखाडी हायवेच्या वरच्या बाजूला आहे, म्हणून ती अजून शिल्लक आहे.